चाराला दहा कमी

तार माझ्या हातात पडली तेव्हा
सिनेटच्या घड्याळात चाराला दहा मिनिटं कमी होती.
मी तिथला शिपाई. अंगात दुसऱ्याच्या मापाचा कोट,
गालात कोकाची पानं.
त्या उंचीवर जिना चढला की तरण्यालाही धाप लागते.

आत आन्सेल्मो उर्किदी बोलत होता.
वक्ता कसला, बोलताना कानाची पाळी ओढायचा.
म्हणत होता, नदीपलीकडच्या त्या दलदलीत
डासांशिवाय काही पिकत नाही,
तिच्यापायी पोरं कशाला धाडता?
चारला मतदान. त्याला धरून चौदा-चौदा.
बरोबरी झाली की युद्धाचा ठराव पडणार होता.

तार उघडीच होती. मी वाचली.
बेनिग्ना अत्यवस्थ. बाळ आडवं. लगेच निघ.

माझी आई तशीच गेली, सिक्स्तोच्या वेळी.
बाप खाणीतून आला तिसऱ्या दिवशी,
दारातच बसून राहिला, टोपीसुद्धा न काढता.
मी दुसरा विचार केला नाही.
खरं तर पहिलाही केला नाही.

त्याने तार वाचली, घडी घातली, उलगडली, परत वाचली.
जिन्यात मला विचारलं, "गाडी किती वाजता?"
सव्वाचार, मी म्हणालो. स्टेशन वीस मिनिटं उतारावर.
तो धावत सुटला. छत्री खुर्चीला तशीच.

नातवाच्या पुस्तकात एवढंच आहे:
'ठराव एका मताने मंजूर झाला.'
पुढच्या ओळीत लगेच तोफा.

सिक्स्तो दुसऱ्या पावसाळ्यात गेला, त्याच दलदलीत.
गोळी नाही, ताप. अठरा पुरी व्हायची होती.

पुढे एकदा उर्किदी भेटला, बाजारात, कांदे निवडताना.
राजकारण केव्हाच सोडलेलं. त्याने मला ओळखलं.
म्हणाला, "तू तार लगेच दिलीस.
मला एक तास मिळाला. ती बोलत होती."
आणि कानाची पाळी ओढत उभा राहिला.
मी सिक्स्तोचं नाव काढलं नाही.
त्यानेही विचारलं नाही, तुझ्या घरचं कोणी गेलं का.
त्या साली असं कोणी कोणाला विचारत नसे.

ती तार पुन्हा हातात आली तर?
रात्री कधी कधी खिशात ठेवून बघतो,
दहाच मिनिटं.
दर वेळी बाप दिसतो, टोपी घातलेला.

छत्री द्यायची राहूनच गेली.
दोन काड्या मोडल्यात. वापरतो अजून.