दोन बोटं माया

मुहर्रकच्या बोळात माझं दुकान. मशीन एक, पंखा एक,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक गिऱ्हाईक
जिच्या अंगाला मी कधी टेप लावली नाही.
मबरूका बिन्त मरजूक.
मापाला ती जुना झगा पाठवायची भाचीच्या हाती,
उदाच्या धुराचा वास मुरलेला.

कपड्यावरून माणूस वाचावं, वडील विट्याला म्हणायचे.
मला तिचा उजवा खांदा आधी कळला.
दर खेपेला काखेतच उसवलेला.
लग्नाघरी, बायकांच्या मांडवात
रात्र रात्र टार वाजवायची ती,
निखाऱ्यावर शेकून, आमच्याकडे हलगी शेकतात तसा.
मग कळली छाती. श्वास भरला की दीड इंच वाढणारी.
रेडिओवर ती गायला लागली की
समोरचा मासळीवाला तराजू तसाच धरून उभा,
आणि गिऱ्हाईकही घाई करत नसे.

तिची आजी पेंबाहून आली, असं मी एकदा म्हटलं.
आणली, भाची म्हणाली,
आणि पुढची बटणं मोजत राहिली.

मग टीव्ही आला.
नाटकात तिला काम एकच : मोलकरीण.
ट्रे घेऊन ये. जा. फार तर दाराआड कान लाव.
तीन वाक्यं.
पण तिसऱ्याच्या आधी ती ट्रेकडे अशी बघायची
की मालकीण झालेली नटी पुढचं विसरायची
आणि अख्खी गल्ली हसून लोळायची.
पोरांच्या बाहुल्यांच्या खेळात म्हातारी सांडणी तीच,
सांडणीची सात पिल्लंही तीच.
आवाज आठ, पगार एक.

मोलकरणीचा तो राखी झगा मीच शिवला.
निरोप आला : आतून रेशीम लाव, डाळिंबी.
म्हटलं, दिसणार कुणाला?
भाची म्हणाली, खालानं विचारलंय का तुला?
लावलं.
अकरा वर्षं, दर गुरुवारी,
काळ्यापांढऱ्या पडद्यावर
मी डाळिंबी रंग बघत होतो.

परवा खूप वर्षांनी झगा आला.
सरकार सत्कार करतंय म्हणे.
ह्या वेळी डाळिंबी बाहेरून, असा निरोप,
आणि सोबत नवं माप :
दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कमी.
भाचीनं डोळे वर केले नाहीत. मीही काही विचारलं नाही.
कात्री हातात घेतली, ठेवून दिली.
जादा कापड कापलं नाही, आत दुमडलं.
शिवणीत दोन बोटं माया पुरते,
मी सगळीच सोडली.
अंगाला लागली, तर उसवून देता येईल.

काल दाखवलं.
भाषण कर म्हणाले. ती माइकपासून सरकली,
कुणाचा तरी टार मागितला,
कातड्यावर तळवा फिरवला, नाक मुरडलं,
शेकलेला नव्हता.
तरी हात वर गेला, उजवा.

काखेत दुहेरी टीप मारलीय मी.
तरी मशीन थांबवलं,
पंखाही बंद केला,
आणि कान लावून बसलो.