दोन बोटं

हेल्मेट काउंटरवर ठेवून घाग म्हणाले,
"जरा फेव्हिक्विक मारून द्या. बाकी ठणठणीत आहे."
उजवा हात गळ्यातल्या झोळीत,
खिशाला लॅबचं ओळखपत्र.
घरोघर रक्ताचे नमुने गोळा करणारा माणूस,
सकाळी सहापासून लोकांच्या उपाशी पोटांमागे मोटरसायकल पळवणारा.

जोडरस्त्याच्या उतारावर, कुर्ल्याच्या अंगाला,
डंपरनं कच सांडली होती.
पुढचं त्यांना आठवतं ते आभाळ,
आणि मग स्वतःचाच आवाज:
एकोणीस, वीस, एकवीस.
बाटल्या मोजत होते.
एकही फुटली नव्हती.

मी हेल्मेट उलटं केलं, आतलं अस्तर सोललं.
कवचाला नखाएवढी चीर.
आत थर्मोकोल. हो, तोच,
मखरासाठी आपण ब्लेडनं कोरायचो तो.
"इथं अंगठा ठेवा," म्हटलं.
अंगठा खळग्यात अलगद बसला,
कणकेच्या गोळ्यात बसावा तसा.
"हा तुमच्या कवटीला पडायचा होता."

रस्त्याला घाई असते.
सगळी वसुली त्याला एका ठोक्यात हवी असते.
थर्मोकोल म्हणतो, थांब, हप्त्यानं घे.
दाणा दाणा चेपत जातो,
प्रत्येक दाणा थोडा थोडा उशीर करतो,
आणि पापणी लवायच्या आत
तुमचं देणं स्वतःच्या अंगावर फेडून मोकळा होतो.
पुन्हा फुगत नाही.
त्यात चिकटवण्यासारखं काही उरत नाही.

"म्हणजे हे गेलं?"
"गेलं. जिवावरचं टोपीवर निभावलं."
"आणि कॉलरबोन?"
"ते आमच्या खात्यात येत नाही."
हसले, मग खांदा दुखला म्हणून थांबले.

मागे स्टुलावर दादा काचा पुसत होता.
त्याचं मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
दुकानात छतापासून टांगलेली दोनशे हेल्मेटं,
बाबांची अख्खी कमाई,
आणि हा निघाला सायकलवर, उघड्या डोक्यानं,
"इथंच तर, नाक्यावरून पाव घेऊन येतो."
उभ्या टॅक्सीचं दार उघडलं.
पाव आले घरी. कुणीतरी आणून दिले,
पिशवीत, अजून गरम.
दादा चार महिन्यांनी आला.
सकाळी मला विचारतो, तू कोण.
दुपारपर्यंत बहुतेक ओळखतो.
डोकं फिरलंय का, डोकं आहे का ठिकाणावर,
असलं काही आता आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

जुन्याचा पट्टा कापून टाकावा लागतो,
नाहीतर भंगारातून उचलून, रंग मारून,
कुणीतरी तेच फुटपाथवर दीडशेला विकतो.
घाग म्हणाले, कात्री द्या, मीच कापतो.
डाव्या हातानं जमेना.
तरी माझ्याकडे दिली नाही.
पट्टा तुटला, तेव्हा टाळूवर हात ठेवला त्यांनी त्याच्या,
आणि मी बघतेय म्हणून पटकन काढला.

"असंच लाल द्या. बायकोला चीर दिसायला नको."

दादा उठला. हे त्याचं काम.
हेल्मेट बसवलं, डावी-उजवीकडे हलवून पाहिलं,
कपाळाची कातडी सोबत सरकते का पाहिलं,
बकल लावलं. टक्.
हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये
दोन बोटं घातली.
तिसरं जायला नको.
माझं नाव विसरतो, हे नाही विसरत.

"लांब जायचंय?" दादानं विचारलं.
"छे हो, हाताला अजून महिना आहे. आज चालतच.
इथंच तर, नाक्यापर्यंत."

दादा बोटं काढीना.
मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता.
घागांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
"बरं," म्हणाले, "घालूनच जातो."

आणि गेले.
भर उन्हात, केळीवाल्याच्या गाडीला वळसा घालून,
झोळीतला हात सांभाळत, पायी,
डोक्यावर लाल हेल्मेट.
एक पोरगं बोट दाखवून हसलं.
दादा दारात उभा होता.
नाका येईपर्यंत त्यांनी काढलं नाही.