कॉर्नरपाशी

शनिवारी पहाटे पाचला बेकरीतून सुटते,
हातावरचा मैदा धुते न धुते
तोच चुन्याची बादली उचलते.
फ्राय बेन्तोसमध्ये ऑगस्टची थंडी नदीवरून येते
आणि सरळ गुडघ्यात शिरते.
डावीकडची रेघ दर वेळी जरा वाकडीच पडते.
त्यावर पालक सभा घेतात.

पगार नाही. विचारतात म्हणून सांगते.
शिट्टी माझ्या पैशाची.
अकरा जर्सी होत्या, त्यातली चार नंबरची
कुणाच्या तरी काकाकडे गेली ती गेलीच.
धुणं माझ्याकडे.
रविवारी माझ्या दोरीवर अख्खा संघ
उलटा लटकून वाळत असतो.
तेवढा वेळ सगळे माझं ऐकतात.

आब्रील सहा महिने चवड्यानेच बॉल मारायची.
सांगून सांगून माझी जीभ झिजली.
मग एका मंगळवारी, कुणाचं लक्ष नसताना,
बॉल पायाच्या पाठीवर बसला
आणि आवाजच बदलला. भरीव, घुमणारा.
त्या रात्री कणीक मळताना
मी तो परत परत आपटून ऐकला.

वॉल्तेर कुंपणाला टेकून असतो,
बगलेत थर्मास, हातात येर्बाचा कडू चहा.
त्याचा नाहुएल फॉरवर्डच होणार.
हे देवाने ठरवलंय,
फक्त नाहुएलला अजून कळवलेलं नाही.
नाहुएल बॉल सोडून सगळं बघतो:
ढग, कुत्री, पंचाच्या मोज्याचं भोक.

अंडीही त्यालाच दिसली.
कॉर्नरपाशी, उघड्या मातीत, मातीच्याच रंगाची चार.
आणि टिटवी आमच्या डोक्यांवर झेपा घालत, किंचाळत.
चोचीने समुद्र आटवायला निघते ती हीच.
मी तिच्याकडे बघितलं, माझ्या अकरा पोरांकडे बघितलं,
आणि काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी नाहुएलने टायर आणला,
स्वतःहून जास्त वजनाचा, घरंगळत, सतरा गल्ल्यांतून.
अंड्यांभोवती ठेवला.
मी चुन्याची रेघ तिथे जराशी आत वळवली.
पंच म्हणाला, हे नियमात नाही.
मी म्हटलं, टिटवीला सांगा.

रेल्वे क्लबशी सामना. एक-एक. शेवटचं मिनिट.
नाहुएलला कोण जाणे काय झालं,
बॉल घेऊन सुसाट निघाला.
दोघे मागे पडले, तिसरा घसरला,
वॉल्तेरचा थर्मास गवतात.
आणि बॉल जरा लांब गेला, टायरपाशी.
टिटवीने पंख पसरले.

पोरगं थांबलं.
दोन्ही हात वर केले, एखाद्याला उगी उगी म्हणावं तसे,
आणि एकेक पाऊल मागे घेत राहिलं.

ओरडणाऱ्यांत वॉल्तेर होता, हे गावभर झालं.
मीही ओरडले होते, हे कुणी सांगत नाही.
"पाय घाल!" म्हणाले होते मी.
माझ्याच शिट्टीच्या गळ्याने.

बॉल बाहेर गेला. त्यांनी तिथूनच लांब मारला.
दोन-एक हरलो.
"काय शिकवतेस तू यांना?" वॉल्तेरने विचारलं.
उत्तर मला सुचलं,
पण घरी, बूट काढताना.

गाडीत बसण्याआधी नाहुएल धावत आला.
मला वाटलं रडेल. मी शब्द जुळवत होते.
"नील्दा, चारही आहेत," म्हणाला, आणि पळाला.

बुधवारी वॉल्तेरने त्याला पलीकडच्या क्लबात घातलं.
तिथे प्लास्टिकचं गवत आहे, दिवे आहेत,
पगारी कोच आहे, हातात पाटी घेतलेला.
तिथे कुठलाच पक्षी अंडी घालत नाही.

आमच्याकडे पिल्लं निघाली. तीनच.
काडीच्या पायांवर सगळ्या मैदानभर धावतात,
कुठल्याही पोझिशनला थांबत नाहीत.
अगदी माझ्या सात वर्षांच्या गटासारखी.

टायर अजून तिथेच आहे.
सात नंबरची जर्सी परत आलेली नाही.
मी मागितलेली नाही.