यंदा तिसरं

चिरा फुटका लागतो,
अर्ध्या दरातही कोणी उचलणार नाही असा.
त्याच्या भोकात चिमूटभर माती, दोन चिमटी वाळू
आणि दीपकाडीचं काळं, चपटं बी.

पहिल्या वर्षी एक पात.
भांडी घासायला आलेल्या सुंद्रीनं गवत समजून उपटली,
मी परत खोचली.
दुसऱ्या वर्षी दोन.
मग उन्हाळाभर नुसता दगड.
तेव्हा पाणी घालायचं नाही,
एवढंच काम.
तेच जमत नाही.

कशेळीच्या सड्यावर जिथून बी आणलं
तिथे आता सुभानचं मशीन चालतं.
फुटके चिरे तोच आणून देतो,
म्हणतो, वैनी, ह्याला फूल कधी येणार?

मी चिरा पडवीतून उन्हाकडे सरकवते,
वीतभर.