वळताना सुटणारा कोपरा

मशीनला काटकोन जमत नाही.
वळताना प्रत्येक खाचराचा एक कोपरा सुटतो,
कधी चटईएवढा, कधी नुसता पाटाएवढा,
आणि बांधावर बसलेल्या बायकांना हे
माझ्याआधी कळलं होतं.

मी पोनिजो. सोलो नदीच्या अलीकडच्या
सात गावांत कापणीचं पिवळं मशीन चालवतो.
मशीन हाजी मस्कुरींचं, डिझेल त्यांचं,
कानातला कापूस तेवढा माझा.

आई सांगायची, तिच्या लहानपणी विळासुद्धा नव्हता.
तळहातात मावेल एवढं पातं,
बोटांआड झाकलेलं,
कारण भाताच्या देवीला धार दिसली तर ती दचकते.
एकेक लोंबी खुडायची,
पोरीच्या डोक्यातली ऊ काढावी तशी.
एका शेतात दोनशे बायका उतरत.
त्यांना कुणी बोलावलेलं नसे,
कुणाला नको म्हणण्याची सोयही नसे,
आणि आठ पेंढ्यांतली एक जिची तिची.

मग ठेंगणं भात आलं. मग विळे.
मग देमाकचा व्यापारी उभं पीक उक्तं घेऊन
स्वतःची माणसं ट्रकनं उतरवू लागला.
आई तेव्हा तिशीत होती.
पातं तिनं चुलीमागच्या कुडात खोचलं.
"देवी दचकली का, ते कुणी विचारलंच नाही,"
एवढंच म्हणाली, आणि विटांच्या भट्टीवर गेली.

मी अकरा हंगाम विळा चालवला.
आता सत्तर माणसांचा दिवस
एका दिवसात माझ्या बुडाखालून निघून जातो.

खरं सांगायचं तर सत्तर माणसं मिळतातच कुठे?
पोरी बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवतात,
पोरगे सुराबायात मोटारसायकलवरून
लोकांची जेवणं पोचवतात.
त्यांच्या पैशानं गल्लीत फरशी आली,
संडास आले, तुमिराच्या घरावर निळी कौलं आली.
सरकारी माणूस तक्ता घेऊन आला.
शेतातले हात कमी झाले, म्हणाला,
म्हणजे गाव वर चढलं.
मी मान हलवली. खोटं नव्हतं ते.
माझी लारास नर्सिंगला आहे,
तिची फी याच सीटवर बसून भरली मी.

फक्त त्या तक्त्यात
सुकिनेम कुठल्या रकान्यात बसते,
ते विचारायचं राहिलं.
कारखान्याचं दार पस्तिशीनंतर उघडत नाही
आणि ती साठीची आहे.
ती, वागिना, बहिरी न्गातियेम,
पोतं नि सूप घेऊन सरव्याला येतात.
मशीनची धूळ बसायच्या आत कोपऱ्यात शिरतात.
त्या गरीब गाई आहेत असं समजू नका.
काल अर्ध्या सुपासाठी
वागिनानं सुकिनेमच्या मनगटाला चावा घेतला.

हाजी म्हणाले, "कोपरे हल्ली मोठे राहतात, पोनिजो."
मी म्हणालो, जमीन ओली आहे, पट्टे रुततात.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
वाकून ढेकूळ उचललं,
बोटांत चुरलं.
त्याची कोरडी माती झाली.
काही बोलले नाहीत. गाडीत बसताना म्हणाले,
पुढच्या हंगामाला नवं मशीन येतंय,
जागच्या जागी वळणारं.

संध्याकाळी पाती धुताना
मी वागिनाला तसं सांगितलं.
तिनं विचारलं, "सांडतं किती?"
"कमी."
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली,
अंगठा आत दुमडून,
पातं धरायची माझी आई, अगदी तसा.
मग पोतं झटकलं.

"म्हणजे," ती म्हणाली,
"आम्हाला अजून लवकर यावं लागणार."