जास्तीचा काना

प्रति अधिक अर्पण, प्रत्यर्पण.
यण् संधी. नववीला मीच शिकवत होतो.
पेपरवाले मात्र 'प्रत्यार्पण' छापतात,
मध्ये एक काना जास्तीचा, विनाकारण उभा,
पक्षकाराबरोबर कोर्टात आलेल्या मेव्हण्यासारखा.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी तालुक्याहून जीप आली.
मराठीचं इंग्रजी करून द्या म्हणाले, शपथेवर.
पानामागे नव्वद रुपये, बिल नंतर.
तीनशे बारा पानं:
फिर्याद, पंचनामे, सुवर्णकण पतसंस्थेची कीर्द,
आणि अंगठे. त्यांतले निम्मे मी
सही करायला शिकवू शकलो नव्हतो.

आरोपी प्रफुल्ल कवडूजी निखाडे,
मूळ राहणार मौजे वाघझरी.
ओळखीची खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण.
इंग्रजीत पाच शब्द पुरले.
सातवीच्या पोरांना घेऊन हुरड्याला गेलो होतो,
आगटी मी पेटवली होती.
पंचनाम्यात हे नव्हतं,
म्हणून भाषांतरातही नाही.

मग तिकडचं कोर्ट विचारू लागलं:
तुरुंगाच्या खोलीत उजेड किती, संडासाला दार आहे का,
गादी, पंखा, खिडकी किती बाय किती.
नागपूरहून मोजमापं आली, फोटोसकट.
अहवालात 'झरोका' होता.
त्याला खिडकी म्हणावं का, यात माझी एक दुपार गेली.
यमुनाबाई कोवे ओसरीवर टेकली होती.
तेंदूपत्त्याच्या बोनसचे एकोणीस हजार
तिने त्याच्या संस्थेत ठेवलेले.
"आमच्या घराले तं खिडकीच नाही मास्तर,
आन् त्याले मोजून देता?"
थोडं थांबून म्हणाली,
"द्या बापा. पन आना त्याले."

तिकडे त्याच्या पायात पट्टा होता,
माणूस कुठे गेला ते सांगणारा.
गावात त्याला वाळा म्हणत,
कवडूच्या पोराले सरकारी वाळा.
निकालाच्या दिवशी सकाळी तो नाही.
वाळा घरीच मिळाला,
कुलूप शाबूत, पट्टा शाबूत, चार्जिंगला लावलेला.
पाय त्याचे लहानपणीही बारीकच होते.

त्यानंतर दोन देशांत पत्रं.
ते विचारतात, तुमच्याकडे तर नाही ना आला?
आपण विचारतो, तुमच्याकडून गेलाच कसा?
ठाणेदारांसाठी ती मी मराठीत आणली.
शोध घेण्यात आला.
कार्यवाही स्थगित ठेवण्यात येत आहे.
काही समजल्यास कळविण्यात यावे.
सगळा कर्मणी प्रयोग.
पानभर शोधला, कर्ता कुठेच नाही.

काल कोतवाल शालिक उईके
डफडं घेऊन चावडीपुढे उभा राहिला.
फरार माणसाच्या गावात
जाहीरनामा मोठ्याने वाचावा लागतो, तसा कायदा आहे.
शालिकला जोडाक्षरं जमत नाहीत, म्हणून वाचायला मी.
त्यातही तो काना होताच. गिळून पुढे गेलो.
नावाशी आलो आणि आवाज आपोआप जुना झाला,
सकाळच्या पहिल्या तासाचा:
"निखाडे प्रफुल्ल कवडूजी,
तीस दिवसांच्या आत हजर व्हावे."

"हजर!"
मागून कोणतं तरी पोरगं ओरडलं.
सगळे हसले. शालिकही हसला,
हसता हसता डफड्यावर एक टिपरी पडली.

यमुनाबाईला अलीकडे ऐकू कमी येतं.
तो एक शब्द तेवढा पोचला तिच्यापर्यंत.
काठी टेकत उठली,
टाचा उंचावून गर्दीवरून रस्त्याकडे पाहिलं तिने,
मग माझ्याकडे.
"आला काय?"