नववीचं वेळापत्रक

हर्णै बंदरातल्या होड्यांची नावं मीच रंगवतो.
नाळीवर, दोन्ही अंगांना, सगळी अक्षरं मोठी,
धुक्यातून खलाशाला ओळखू यावीत अशी.
इंग्रजीची तेवढीच सव्वीस मला येतात.
म्हणून शाळेच्या व्हरांड्यात नववीचं वेळापत्रकही
तसंच लिहिलं, निळ्या ऑइलपेंटने.

मुकादम मॅडम चष्मा वर सारून बघत राहिल्या.
"चोगले, भिंत ओरडतेय हो."

मग टर्पेंटाइन, फडकं, आणि भर उन्हात शिकवणी.
हिस्टरी बारकी. सायन्स बारकं. गणितही बारकंच.
इंग्लिशचा ई मोठा, मराठीचा एम मोठा, हिंदीचा एच.
का?
"भाषा माणसांच्या, मुलखांच्या नावावरून आल्या.
बाकी नुसते विषय. मासा म्हटलं
तर कुठलाही मासा, नाही का?
पण एखाद्या वर्गाला पुरतं नाव ठेवलं, नंबर लावला,
की हिस्टरीलाही मोठा एच मिळतो."
म्हणजे बारसं होईपर्यंत होडी नुसतं लाकूडच,
मी म्हटलं.
मॅडम हसल्या. फडकं माझ्याकडे सरकवलं.

रात्री हर्षालीच्या वहीत बारकी अक्षरं गिरवली.
आपली कशी, दोरीला बोंबील टांगावेत तशी,
कुणाचंच डोकं वर नाही.
यांचे पाय खाली सुटतात.
जॉग्रफीत मोजले: दोन जी, एक पी, शेवटी वाय,
चार नांगर टाकून उभा असलेला भूगोल.
"बाबा, वाय उलटा आलाय," ती म्हणाली
आणि झोपली.

सकाळी लिलावाचा गलका इथवर येत होता.
सोमवार झाला, मंगळवार झाला, ब्रश दोनदा धुतला.
शनिवारचा शेवटचा तास उरला.
ड्रॉइंग.
"बारकं," मॅडम आतून म्हणाल्या,
वहीतून मान न काढता.

सातवीत शाळा सुटली माझी.
या एकाच तासाला मी कधी मार खाल्ला नव्हता.

डी बारकाच काढला. नियम तो नियम.
पोट मात्र त्याचं जरा फुगवलं,
वारा भरलेल्या शिडाएवढं नाही,
थोडंसंच.
मॅडम बाहेर आल्या, त्या डीपाशी थांबल्या,
म्हणाल्या,
सुकायला किती वेळ लागेल?